बायकांचा तंबू

४ फेब्रुवारी

धाकटीस,

टॉवर पाडल्यामुळे तिकडे फोन लागत नाही. मदतीच्या ट्रकवरचा ड्रायव्हर पत्र नेतो म्हणाला, म्हणून लिहिते आहे. नाहीतर तुला पत्र लिहायची हौस मला आधी कधी नव्हती आणि आताही नाही.

माझी मुलगी परत पाठव.

तुमच्या गावचं कॉलेज चांगलं, भिंगरी काकूकडे राहील, घरचंच माणूस आहे, असं ह्यांनी ठरवलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. माझं कोणी ऐकलं नाही. आता गाव राहिलं नाही की कॉलेज राहिलं नाही, आणि माझी पोर तुझ्याबरोबर छावणीत ताडपत्रीखाली झोपते आहे. गोळीबार सुरू झाल्यावर लोक कागदपत्रं घेऊन पळाले, दागिने घेऊन पळाले. तू शिवणयंत्र घेतलंस! पोरीची सर्टिफिकिटं राहिली, स्वेटर राहिले, आणि ते लोखंडी धूड मात्र सोबत आलं. तुझी अक्कल मला नवी नाही, पण या वेळी तू स्वतःलाही मागे टाकलंस.

भाऊजींचा पत्ता नाही हे कळलं. वाईट वाटलं. हाफ पँटमध्ये होते तेव्हापासून मी त्यांना ओळखते. ते सापडतील. पण ते नाहीत म्हणून माझी मुलगी तुला सोबतीला ठेवून घेता येणार नाही. तुला मूल झालं नाही, यात माझा काही दोष नाही. लोकांच्या लेकरांवर हौस भागवायची सवय सोड.

ट्रक परत येतो तेव्हा रिकामा असतो. तिला त्यात बसवून दे.

थोरली


१९ फेब्रुवारी

जाऊबाईंना,

खुशाली विचारायची तुमची पद्धत नाही, तरी सांगते. भिंगरी बरी आहे. माझं काय ते तुम्हाला नको, म्हणून सांगत नाही.

शिवणयंत्र मी नाही आणलं. मी ते ओट्यावर सोडून निघाले होते. तुमच्या मुलीने उचललं आणि अर्धी वाट खांद्यावर वाहिलं. "काकू, तिथे जाऊन आपण खायचं काय?" म्हणाली. तेव्हा अकलेचं जे काही बोलायचं ते तिला बोला. तिची अक्कल कोणावर गेली हे मी सांगत नाही, तुमच्यावर नाही एवढं नक्की.

ट्रक रिकामा येतो, खरं आहे. का येतो ते ड्रायव्हरला विचारलंत का? तुमच्या आणि आमच्या मध्ये नाका आहे. तिथे वर्दीवाले बसतात. पुरुषांच्या पिशव्या रस्त्यावरच तपासतात. बायकांना झडतीला म्हणून पत्र्याच्या खोलीत नेतात. परवा एक बाई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही, आणि आली तेव्हा तिला नवऱ्याने ओळख दिली नाही. या वाटेने मी तुमच्या मुलीला पाठवू? तुम्ही सांगा, मी आजच बसवते.

छावणी धान्याच्या गोदामामागच्या मैदानात आहे. पाण्याचा पंप मैदानाच्या टोकाला, नाक्याच्या अंगाला. संडास त्याहून लांब. दाराला कडी नाही, वाटेवर दिवा नाही. छावणीप्रमुखांना आम्ही बायका दोनदा भेटून आलो. साहेब म्हणाले, "दिवा लावला तर गोळीबाराला निशाण मिळेल." त्यांच्या स्वतःच्या ऑफिसवर दोन दिवे आहेत. तिथे कदाचित गोळ्या लागत नसतील.

एकच जागा धड आहे, बायकांचा तंबू. तिथल्या सिस्टर कडक आहेत, तुमच्याशी पटलं असतं. आत एक बाळंतिणीची खाट आहे, उकळायचं भांडं आहे, औषधांची पेटी आहे. बाळंतपणं तिथे होतात. जिला आत्ता मूल नको तिला इंजेक्शन मिळतं. जी तोंड झाकून येते तिला कोणी काही विचारत नाही. अडलेल्या बाईला शहरातल्या इस्पितळात न्यायला सिस्टरांची चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी दाखवली की नाक्यावरचे गाडी सोडतात. त्या तंबूला पडदे, बाळांना दुपटी आणि बायकांना महिन्याच्या घड्या मी शिवते, त्या लोखंडी धुडावर. त्याच्या बदल्यात आम्हाला पीठ आणि साबण मिळतो, तेव्हा भिंगरी उपाशी नाही.

वाट मोकळी झाली की ती येईल. माझी हौस तेवढ्यावर भागेल.

धाकटी


७ मार्च

धाकटीस,

मोठी फुशारकीने लिहितेस की तिथे मूल नको असलेल्या बायकांना इंजेक्शन मिळतं. ज्यांचे नवरे बेपत्ता आहेत त्या बायकांना मूल नको म्हणून इंजेक्शन कशाला लागतं? आणि तशा जागेत तू माझ्या लग्नाच्या मुलीला घेऊन बसतेस? पडदे शिवायला दुसरी जागा मिळाली नाही?

आता नीट वाच. लाकडाच्या वखारीवाल्यांच्या धाकट्या मुलाचं स्थळ आलं आहे. वखार शहरात आहे, घर पक्कं आहे, मुलगा बापाच्या पुढे तोंड उघडत नाही. त्यांच्या आईला भिंगरी लहानपणी पाहिल्याची आठवण आहे. ह्यांनी दुकानात बसूनच निम्मं ठरवलं आहे. मी काउंटरवर खिळे मोजून देत होते, तेव्हा कानावर आलं. मलाही पटलं आहे. अशा दिवसांत मुलगी कोणाच्या तरी घरात सुरक्षित बसलेली बरी.

तिच्या मामाने नाक्यावरच्या कोणाशी तरी संधान बांधलं आहे. तो पुढच्या महिन्यात येऊन तिला घेऊन जाईल. भिंगरीला म्हणावं, आईला चार ओळी स्वतःच्या हाताने लिही. दोन महिन्यांत तिचं अक्षर दिसलं नाही. तू लिहू देत नाहीस की काय?

थोरली


२२ मार्च

जाऊबाईंना,

भिंगरीला बरं नाही. ती लिहिणार नाही.

तिच्या मामांना पाठवू नका. नाक्यावर ज्यांची ओळख आहे अशा माणसाबरोबर ती येणार नाही. मीही पाठवणार नाही.

वखारीवाल्यांना नाही म्हणून कळवा. कारण विचारलं तर सांगा, काकू आडवी आली. नाहीतरी तुम्ही तेच म्हणणार आहात.

आमचा मुक्काम हलला आहे. सिस्टरांच्या तंबूला लागून एक ताडपत्री बांधून घेतली आहे, तिथे झोपतो. पाणी आता आम्ही बायका घोळक्याने आणतो.

धाकटी


९ एप्रिल

धाकटीस,

तुझ्या चार ओळींच्या पत्राने मला वेड लागायची पाळी आली होती. आता सगळा उलगडा झाला आहे.

तुमच्या शेजारच्या तंबूत राहणारी इस्त्रीवाली परवा भावाकडे पोचली. ह्यांच्या दुकानात ती ताडपत्रीला दोरी घ्यायला आली. मी तिला आत बसवलं, चहा दिला, आणि माझ्या लेकीबद्दल विचारलं. मग सांगायला लागली आणि थांबेना.

"तुमची मुलगी रोज सकाळी ओकते," म्हणाली. "कोणाशी बोलत नाही. पुरुषमाणूस जवळून गेला तरी तंबूत शिरते. जाऊ तुमची तिला हाताला धरून त्या बायकांच्या तंबूत घेऊन गेली, पडदा ओढून घेतला, दुपारपर्यंत दोघी बाहेर आल्या नाहीत. आणि आता तर तिथेच राहतात."

दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

कोण आहे तो? छावणीतलाच कोणी उडाणटप्पू, की त्या सिस्टरांच्या हाताखालचा कोणी? तू डोळे कुठे ठेवले होतेस? पडदे शिवत होतीस? माझी पोर एकोणीस वर्षांची, तिला कळत नव्हतं म्हणू. तू चाळिशीला आलीस! आणि माझ्यापासून लपवून, स्थळ मोडून, त्या तंबूत नेऊन तिच्या पोटात काय काय औषधं घालते आहेस?

तुझं तोंड आता बंदच असेल, म्हणून मी माझं उघडलं आहे. छावणीप्रमुखांना मी कालच सविस्तर पत्र पाठवलं. त्या तंबूत लग्न न झालेल्या मुलींना कसली औषधं देतात, आईबापांना न विचारता काय चालतं, सगळं लिहिलं. खाली ह्यांची सही घेतली आणि दुकानाचा शिक्का मारला. वखारीवाल्यांनीही ओळखीच्या एका बड्या माणसाकरवी शब्द टाकला आहे. होऊ दे एकदा चौकशी.

थोरली


२० एप्रिल

जाऊबाईंना,

तुमचं पत्र माझ्या हातात पडायच्या आधी तुमच्या पत्राची करामत बघायला मिळाली.

साहेब सकाळी चार माणसं घेऊन आले. त्यांना हा तंबू पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होता. बायका तिथे जमतात, दिवा मागायला ऑफिसात येतात, नाक्यावरच्यांच्या तक्रारी करतात. त्यांना बंद करायला निमित्त हवं होतं. "एका प्रतिष्ठित घरातल्या आईचं पत्र आहे," असं त्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. दुकानाचा शिक्कासुद्धा दाखवला. मग तंबूच्या दाराला साखळी लावली, कुलपावर लाख ओतली. औषधांची पेटी आत, खाट आत. सिस्टरांची गाडी काढून घेतली. त्यांच्या चिठ्ठीला चौकशी होईपर्यंत किंमत नाही, असं नाक्याला कळवलं.

खाटेवर एक बाई होती. दोन दिवसांची बाळंतीण. तिला उठवून उन्हात बसवलं.

आता तुमच्या प्रश्नांचं. तुमची मुलगी पोटुशी नाही. नव्हती. ती ओकत होती ती औषधामुळे. ते औषध घेणं भाग होतं आणि ते वेळेत मिळालं, एवढं समजा. कोणी उडाणटप्पू नाही, कोणाशी काही नाही. यापुढे मला विचारू नका. मला बोलायची बंदी आहे, आणि ज्या माणसाने ती घातली आहे त्याचा शब्द मी तुमच्या शब्दापेक्षा वर मानते.

इस्त्रीवालीने जे पाहिलं ते खरं सांगितलं. पुरुषमाणूस जवळून गेला की ती तंबूत शिरते, हेही तिने तुम्हाला सांगितलं. तुम्ही स्वतःच ते लिहिलंत. एकदा सावकाश वाचा. वाचता येत असेल तर.

तक्रार मागे घ्या. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. तुमच्या घरातून निघताना पितळेचा तांब्यासुद्धा नाही. आता मागते. इथे दिवस भरत आलेल्या पुष्कळ बायका आहेत. त्यांतली एक तुमच्या चांगल्या ओळखीची आहे, पण तिचं नाव सांगून दया मागायची माझी तयारी नाही.

साहेबांना लिहा की चूक झाली. एका ओळीचं काम आहे.

धाकटी


३ मे

धाकटीस,

तक्रार मागे घेणार नाही.

"औषध घेणं भाग होतं", "बोलायची बंदी आहे". असली कोडी घालून तू मला खेळवू नकोस. मी आई आहे. माझ्या मुलीला कसलं औषध दिलं हे मला कळायला नको? मला वाटतं ते मी सरळ लिहिते. होतं आणि तुम्ही ते पाडलंत. आता म्हणतेस नाही, नव्हतं. मग बरोबरच आहे, आता कसं असेल.

लिहितेस की सावकाश वाच. वाचलं. चार वेळा वाचलं. मुलगी माणसांना घाबरते, कारण तिचं मन तिला खातं आहे. लाज आहे अजून तिला. तुला नाही.

आईचं काळीज काय असतं हे ज्या बाईला एकदाही कळलं नाही, तिच्या हातात मी माझी पोर दिली. ही माझ्या जन्माची चूक. ओळखीची बाई कोण ते मला जाणून घ्यायचं नाही. माझ्या ओळखीच्या बायका घरात राहतात.

मामा या महिन्यात निघतो आहे.

थोरली


२१ मे

आई,

हे पत्र मी लिहिते आहे. अक्षर बघ, माझंच आहे. थोडं वाकडं आलं आहे, कारण इस्पितळाच्या बाकावर मांडीवर पाटी ठेवून लिहिते आहे. तू काकूला पाठवलेलं शेवटचं पत्र मी वाचलं. काकूने दाखवलं नाही. ती शुद्धीवर नव्हती, आणि मदतीच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरने ते इथे आणून माझ्या हातात दिलं.

काकू तुला सांगत नव्हती, कारण मी तिला माझी शपथ घातली होती. आता मीच ती मोडते.

मार्चमध्ये मी पंपावर गेले होते. दुपार होती, लोक झोपले होते. नाक्यावरचे दोघं वाटेत बसले होते. त्यांनी मला पंपामागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. पुढचं मी लिहिणार नाही आणि तू विचारायचं नाहीस. मी ओरडले होते. हे मुद्दाम लिहिते, कारण तू नाहीतर तेच पहिलं विचारशील.

मी काकूला सांगणारच नव्हते. अंग दुखतं म्हणून पडून राहणार होते. काकूने माझ्याकडे एकदा बघितलं आणि हातातलं कापड खाली ठेवलं. "ऊठ," म्हणाली, "सिस्टरकडे जाऊ. उशीर झाला की औषध चालत नाही." सिस्टरांनी पडदा ओढला आणि आधी विचारलं, "हात लावू का?" प्रत्येक वेळी विचारलं. मी नाही म्हटलं तर थांबत होत्या. त्यांनी दिवस राहू नयेत म्हणून गोळी दिली, आणि त्या लोकांचे रोग लागू नयेत म्हणून महिनाभराच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी मी ओकत होते. इस्त्रीवाली मावशींना तेच दिसलं.

आता काकूचं. तिला दिवस गेले होते, आई. काका हरवले त्याच्या आधीपासून. मी पंपावर एकटी गेले, कारण तिला ओझं उचलायचं नव्हतं. ती जाऊ नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही. तिने तुला कळवलं नाही. म्हणाली, "मागे दोन वेळा सांगितलं आणि दोन वेळा गेलं, तेव्हा तुझी आई जे बोलली ते मला पुन्हा ऐकायचं नाही. या वेळी बाळ हातात घेऊनच सांगेन."

तंबूला कुलूप लागल्यावर सिस्टर झाडाखाली बसून बायकांना तपासायच्या. चौदा तारखेला सकाळी काकूला रक्त जायला लागलं. अजून महिना बाकी होता. सिस्टरांनी पोटाला कान लावला आणि म्हणाल्या, "ठोके आहेत. इथे काही करता येणार नाही, ताबडतोब इस्पितळात न्या." गाडी नव्हती. पाण्याच्या टँकरवाल्याने काकूला पुढच्या बाकावर आडवं केलं. मी आणि सिस्टर तिच्या पायाशी बसलो.

नाक्यावर गाडी अडवली. सिस्टरांनी चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला, "ही चालत नाही आता. वरून ऑर्डर आहे. तक्रार आहे या बाईविरुद्ध." सिस्टर हात जोडत होत्या. टँकरवाला पाया पडत होता. ते लोक चहा पीत होते. बाकावरून रक्त खाली ठिबकत होतं.

मग मी उतरले. मार्चपासून मी त्या नाक्याकडे मान वळवून बघितलं नव्हतं. ते दोघं तिथे होते की नव्हते मला माहीत नाही, मी कोणाच्या तोंडाकडे बघितलंच नाही. आडवा बांबू होता तो मी धरला आणि वर ढकलायला लागले. एक जण "ए, ए" करत आला. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, सिस्टर म्हणतात की मी सारखं "हात लावून बघ" एवढंच ओरडत होते. मागे ट्रक थांबले होते, त्यातली माणसं उतरून आली. मग त्यांनी बांबू उचलला.

इस्पितळात पोचलो तोवर उशीर झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं आधी आणलं असतं तर बाळ वाचलं असतं. मुलगी होती. काकूचं रक्त थांबत नव्हतं, दोन माणसांचं रक्त चढवलं. आता ती जगेल म्हणतात.

शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "तुला नाक्यावर कोणी हात नाही ना लावला?" बाळाचं त्यानंतर विचारलं.

इस्पितळापासून आपलं घर जवळ आहे, हे मला माहीत आहे. मी येणार नाही. मामालाही पाठवू नकोस. काकूला बसता यायला लागलं की मी तिच्याबरोबर छावणीत परत जाणार आहे.

भिंगरी


२ जून

धाकटीस,

मी इस्पितळात आले होते. तुम्ही आदल्या दिवशी निघून गेला होतात. नर्सने खाट दाखवली. चादर बदललेली होती.

मला माफी मागता येत नाही. तुला ठाऊक आहे. मी चार कागद फाडले.

मामाला मी दारातून परत लावला. नाक्यावर त्याच्या ओळखी आहेत म्हणाला, त्यावर मी त्याला जे बोलले ते ह्यांनी दुकानात ऐकलं. वखारीवाल्यांच्या घरी जाऊनही बोलून आले. आता या गल्लीत आमच्या दुकानातून कोणी बरेच दिवस खिळे नेणार नाही.

खाली नक्कल आहे, साहेबांना पाठवलेल्या पत्राची. ह्यांची सही नाही. माझीच आहे.

"छावणीप्रमुख यांस,

मी ती 'प्रतिष्ठित घरातली आई'. माझं एप्रिलमधलं पत्र खोटं होतं. एका बाईच्या ऐकीव गोष्टीवर मी ते लिहिलं आणि आपण ते छावणीसमोर वाचून दाखवलंत. वाचण्याआधी आपण कोणाला काही विचारलं नाही, कारण आपल्याला ते खरं असायला हवं होतं.

बायकांनी आपल्याकडे वाटेवर एक दिवा मागितला. तो आपल्याला महिनोन् महिने देता आला नाही. बाळंतिणीला खाटेवरून उठवणं मात्र आपल्याला एका सकाळीत जमलं. आपल्या कुलपामुळे एक मूल मेलं आहे. ती माझी पुतणी होती, डोळे उघडायच्या आधी गेली. त्यात माझा जेवढा हात आहे तो मी कोणापुढेही कबूल करीन, आणि आपला जेवढा आहे तोही सांगीन.

तंबू उघडा. सिस्टरांची गाडी आणि चिठ्ठी परत करा. पंपाच्या वाटेवर दिवा लावा, संडासांना कड्या लावा, आणि नाक्यावरच्या माणसांना पंपाच्या अंगाला फिरकू देऊ नका. हे मी का लिहिते, कोणाचं काय झालं, हे विचारायची आपली लायकी नाही. विचारलंत तर उत्तर मिळणार नाही.

हेच पत्र मी तीन वर्तमानपत्रांना, मदत पाठवणाऱ्या संस्थेला आणि आपल्या वरच्या साहेबांना पाठवलं आहे. पंधरवड्यात तंबू उघडला नाही तर मी स्वतः येऊन आपल्या ऑफिसच्या दारात बसेन. मी उठत नाही. मी फार वाईट बाई आहे. माझ्या जावेला विचारा, ती आपल्याच छावणीत राहते."

थोरली


२६ जून

जाऊबाईंना,

तंबू उघडला. लाख फोडायला साहेब स्वतः आले होते. वर्तमानपत्रवाला बरोबर होता, म्हणून हसत होते. वाटेवर दिवा लागला आहे. संडासांना कड्या आल्या, त्यांतल्या दोन बसत नाहीत. नाक्यावरची माणसं बदलली. नवी कशी आहेत ते कळायचं आहे. सिस्टरांनी तुमचं पत्र माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "ही बाई आधी कुठे होती?"

भिंगरी तुमच्याकडे यायला तयार झाली आहे. मी सांगितलं म्हणून नाही. परवा आपणहून म्हणाली, "आईने खरंच वखारीवाल्यांच्या घरी जाऊन भांडण केलं?" मी म्हटलं, तिने लिहिलं तर आहे. त्यावर कितीतरी दिवसांनी हसली. सिस्टर पुढच्या आठवड्यात औषधं आणायला शहरात जाणार आहेत, त्यांच्या गाडीतून येईल.

आली की मागून हात लावू नका. आधी हाक मारा. रडायचं असेल तर ती यायच्या आधी रडून घ्या, तिला तुमची समजूत काढायला लावू नका. घरात कोणी पाहुणा आला आणि ती उठून आत गेली तर बाहेर बोलावू नका. सिस्टरांनी डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला आहे. तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आहे, तेव्हा तुम्ही बरोबर जा, आणि बाहेर बसा. ती जेवढं सांगेल तेवढंच ऐका. शिवणयंत्र ती मागत होती. देत नाही. इथे लागतं.

तुम्ही साहेबांना लिहिलंत ते चांगलं लिहिलंत. माझ्या मुलीचा उल्लेख केलात, तो मात्र करायला नको होता. तिच्याबद्दल काही लिहायचा हक्क तुम्हाला नव्हता.

तुम्ही मला घरी ये म्हणून लिहिलेलं नाही. पुढेमागे लिहाल, म्हणून आताच सांगते. यांचा काही पत्ता लागला तरी मी तुमच्या दारात येणार नाही. मला तुमचा राग आहे आणि तो जाईल असं मला वाटत नाही. तो घालवायचा प्रयत्नही मी करत नाही.

इस्पितळाने तिला कापडात गुंडाळून माझ्याजवळ दिलं होतं. मी तिला इथे घेऊन आले. गोदामाच्या मागे, चढावर जागा आहे. पाऊस आला तरी तिथे पाणी साचत नाही.

धाकटी